डिस्क ओढणारे आडे साहेब

आडे साहेब आमच्या रक्तपेढीत कॉम्प्युटर सांभाळायला रुजू झाले त्याच दिवशी, भर कामाच्या वेळी, त्यांनी चालू सर्व्हरमधली एक डिस्क ओढून बाहेर काढली.

सर्व्हर कर्कश ओरडायला लागला. त्याच्या तोंडावर लाल दिवा लागला. माझ्या हातातला चहा टेबलावर सांडला. आतल्या खोलीतून मोठे डॉक्टर हातमोजे तसेच घालून धावत आले. आणि हा माणूस ती डिस्क तव्यावरच्या भाकरीसारखी या हातावरून त्या हातावर घेत, माझ्या स्क्रीनकडे शांतपणे बघत उभा!

"ताई, नाव टाकता येऊन राहिलं का?"

मी एक नाव टाकलं. उमटलं.

"मग बराबर," असं म्हणून त्यांनी डिस्क परत खोबणीत सारली.

मोठ्या डॉक्टरांनी हातमोजे ओरबाडून काढले. ते म्हणाले, "अहो आडे, चांगल्या पेशंटची किडनी काढून बघतं का कुणी?"

"दोन हायेत ना साहेब. एक गेली तर दुसरीवर चालतं म्हणतात. चालतं का, ते कुणी बघितलं का?"

कुणीच बघितलं नव्हतं. हिंगोली जिल्हा होऊन फार वर्षं झाली नव्हती, आणि रक्तदात्यांची नावं जाडजूड रजिस्टरांतून उचलून आम्ही नुकतीच कॉम्प्युटरात टाकली होती. कोण कुठल्या गावचा, रक्तगट कोणता, फोन कुठे लावायचा, हे सगळं त्या सर्व्हरच्या पोटात. दोन डिस्का, दोन्हींवर एकच मजकूर, म्हणून काळजी नको, असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं आणि आम्ही माना डोलावल्या होत्या. आडे साहेबांची मान डोलायची नाही. ती मुळातच ताठ होती.

"बघितलं का?" हे त्यांचं पालुपद. बॅकअपची टेप भरली म्हणून सांगितलं की, "बघितलं का, उतरवून?" लाईट गेली तर बॅटरी तासभर टिकते म्हटलं की, "बघितलं का?" आणि उत्तराची वाट न पाहता मेन स्विच खाली! एकदा तर मी जेवण झालं म्हणाले, तरी सवयीनं "बघितलं का?" म्हणून मोकळे झाले.

ऑफिसापुरतं असतं तरी सोसलं असतं. कळमनुरीकडे शिबिराला जाताना एकदा मी त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसले होते. भर रस्त्यात, ना घर ना झाड अशा जागी, गाडीनं आचके दिले आणि ती बंद पडली. मागून ट्रक भोंगा वाजवत अंगावर आला.

"काय झालं हो?"

"काही न्हाई. पेट्रोल मीच बंद केलं. रिझर्व्ह लागतं का बघून राहिलो."

मोठ्या डॉक्टरांच्या पुतणीच्या लग्नात तर त्यांनी कहर केला. जनरेटर आणलाय असं मांडववाला सांगत होता. मंगलाष्टकं चालू असताना सगळा मांडव अंधारात गेला. बायका किंचाळल्या, भटजी थांबले, नवरदेवानं अक्षता बहुतेक मामाच्या डोक्यावर टाकल्या. जनरेटर सुरू झाला नाही. त्यात डिझेलच नव्हतं. उजेड आला तेव्हा आडे साहेब स्विचबोर्डाजवळ उभे आणि चेहऱ्यावर दुःखी समाधान. "आता कळलं. सप्तपदीत कळलं असतं तर?"

ज्या घरी जातील त्या घरचं जास्तीचं गॅस सिलिंडर उचलून बघत. आमच्याकडचं रिकामं निघालं. माझे यजमान आठवडाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत.

सर्व्हरच्या बाबतीत मात्र विनोद चालत नसे. "हा रक्ताचा सर्व्हर हाये, धर्मशाळा न्हाई," असं ते बजावत. मोठ्या डॉक्टरांनी नव्या कॅमेऱ्यातले सहलीचे फोटो त्यावर टाकून ठेवले होते, तेव्हा आडे साहेबांनी ते एकेक करून फ्लॉप्यांवर उतरवले आणि फ्लॉप्यांची चळत सगळ्यांदेखत डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. वर म्हणाले, "बाईसाहेब बोटीत बसल्यात तो अर्धाच आला. फोटो मोठा होता." आम्ही सगळे खाली माना घालून हसू दाबत होतो. डॉक्टर लाल झाले आणि फ्लॉप्या खणात टाकल्या. घरचं काही सर्व्हरवर ठेवायचं नाही, हा नियम त्यांनीच मंजूर केला होता.

मग ती उन्हाळ्यातली दुपार आली.

आखाडा बाळापूरकडची एक बाई शेजारच्या दवाखान्यात बाळंतपणासाठी आणलेली. रक्तस्राव थांबेना. तिचा नवरा, विशीतलं पोरगं असावं, चिठ्ठी घेऊन माझ्या टेबलाशी आला. ओ निगेटिव्ह. आमच्या फ्रीजमध्ये त्या गटाची एकही बाटली नव्हती. नांदेडहून आणायची तर संध्याकाळ.

आडे साहेब दुर्मीळ गटांची नावं अधूनमधून छापून भिंतीला लावत. मी त्या कागदावरचे फोन फिरवले. एक पुण्याला गेलेला. एकानं नुकतंच रक्त दिलेलं. एकाचा फोन मेलेला. नवे रक्तदाते होते, गोरेगावच्या शिबिरात रक्त न देता नुसता गट तपासून नाव नोंदवलेले, पण त्यांची नावं त्याच सकाळी आम्ही घाईघाईनं कॉम्प्युटरात टाकलेली आणि फॉर्म नांदेडला पाठवून दिलेले. मी ते उघडायला गेले आणि स्क्रीनवर ओळ आली: डिस्कवर जागा नाही. डेटाबेस बंद.

दोन डिस्का असलेला, कितीदा ओढून बघितलेला सर्व्हर. तो आज, या घटकेला बसावा?

"बंद करून चालू करा!" डॉक्टर ओरडले.

"हात लावायचा न्हाई!" आडे साहेब त्यांच्याहून मोठ्यानं ओरडले. त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. "डिस्क मेली न्हाई, भरली हाये. भरल्यावर बंद केला तर उठंल का न्हाई, कुणी सांगावं?"

ते खुर्चीवर बसले. डेटाबेस कुठलीही गोष्ट लिहिण्याआधी ती एका लॉगच्या फायलीत टिपून ठेवतो, हे त्यांनी मला पूर्वी समजावलं होतं. सकाळी एकदम एवढी नावं शिरली, लॉग फुगला, आणि त्याला पाय पसरायला जागा उरली नाही म्हणून सगळंच थांबलं. त्यांनी निरुपयोगी फायली धडाधड पुसल्या. डेटाबेस क्षणभर उठला आणि मोकळी झालेली जागा गिळून परत बसला.

"अजून पाहिजे," ते स्वतःशी म्हणाले.

मग त्यांनी कुठल्या फोल्डरनं किती जागा खाल्ली ते काढलं. मी खांद्यावरून बघत होते. सगळ्यात वर एक भलं मोठं फोल्डर. इंग्रजी अक्षरांत नाव होतं: वाय, ए, डी, आय. मी ते रोज बघत होते. डॉक्टरही बघत होते.

"यादीला हात लावू नका!" डॉक्टर दचकून म्हणाले. "तीच तर उघडायची आहे!"

की-बोर्डावरची आडे साहेबांची बोटं थांबली होती.

"यादी न्हाई साहेब," ते म्हणाले. "याडी. आमच्या तांड्यावर आईला याडी म्हणतात. माझी हाये."

आम्हा सगळ्यांना फोटोंवरून फाडून खाणारा हा माणूस, आणि सर्व्हरचं पोट याच्याच फायलींनी भरलेलं!

"गाणी हायेत तिची. कॅसेटीला बुरशी लागून राहिली होती, म्हणून इथं आणली; आता त्या वाजत न्हाईत. दोन डिस्का हायेत, म्हटलं इथं मरणार न्हाईत." मग डॉक्टरांकडे न बघता, "नियम मीच मोडला."

दाराशी तो पोरगा उभा होता. त्याला यातलं काहीच कळत नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "साहेब, डॉक्टरीणबाई म्हणून राहिल्या, लवकर करा."

आडे साहेबांनी त्या फोल्डरमधली सगळ्यात मोठी फाईल निवडली. ती एकटी गेली तरी भागणार होतं.

"दुसरीकडे कॉपी करा ना आधी," मी म्हणाले. "माझ्या मशीनवर..."

"मावत न्हाई ताई तुमच्या मशीनमधी. टेपवर नुसती नावं जातात, ही उतरवायला तास लागंल. आन् फ्लॉपीत तिचा एक हुंदकाबी मावणार न्हाई."

"पण दोन डिस्का आहेत ना? एकीवर राहील..."

"आरशात तोंड पुसलं की दोन्हीकडं पुसतं, ताई."

आणि त्यांनी बटण दाबलं. मी बघत होते त्यांच्याकडे. डिस्क ओढताना, स्विच पाडताना या माणसाचा हात कधी अडखळला नव्हता. आता बटण दाबल्यावर ते बोट उचलायला त्यांना वेळ लागला.

डेटाबेस उघडला. ओ निगेटिव्ह एक माणूस निघाला, कनेरगाव नाक्यावरच्या ढाब्यावर काम करणारा. मी ढाब्यावर फोन लावला. त्यानं हातातली परात खाली ठेवली आणि हिंगोलीकडे येणारा पहिला ट्रक अडवून तो निघाला. हाताला कणीक तशीच होती त्याच्या. ती मी पुसली आणि त्याला टेबलावर झोपवलं.

बाई वाचली. मुलगी झाली होती, तीही चांगली होती. नवरा पेढे घेऊन आला तेव्हा आडे साहेब सर्व्हरच्या खोलीत दार लावून उरलेली गाणी कुठे कुठे विभागून ठेवता येतात ते बघत होते. मोठे डॉक्टर त्या दारापर्यंत जाऊन परत आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठ्या डिस्का मागवल्या.

आडे साहेबांना मी गाठलं ते जेवणाच्या सुट्टीत. "त्या फाईलमध्ये काय होतं?"

"बहिणीच्या लग्नातला ढावलो. सासरी निघालेली पोरगी गळ्यात पडून रडत गाते आन् याडी तिला तसंच उत्तर देते. लई लांब होता."

"मग आईकडून परत म्हणवून घ्या की. आमच्याकडे टेपरेकॉर्डर आहे, मी देते."

"अंगावरून वारं गेलं तिच्या. बोलत न्हाई आता," ते म्हणाले आणि डबा बंद केला.

पुढच्या रविवारी मी त्यांच्या तांड्यावर गेले. का गेले, मला नीट सांगता येणार नाही. जीपनं गोरेगावला उतरले, तिथून त्यांनीच मोटारसायकलवर नेलं, आणि वाटेत पेट्रोल एकदाही बंद केलं नाही. घरात त्यांची बायको आणि आई. हिंगोलीत आठवडाभर हा माणूस भाड्याच्या खोलीत एकटा राहतो, हेही मला तेव्हाच कळलं.

म्हातारी अंगणात बाजेवर होती. कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, एक हात मांडीवर निपचित पडलेला, चेहरा दगडासारखा. मी पाया पडले. डोळे हललेसुद्धा नाहीत.

आडे साहेब बाजेपाशी जमिनीवर मांडी घालून बसले आणि माझ्यासमोर, भर दुपारी, बायकी आवाज काढून रडक्या सुरात गायला लागले. मी थिजून गेले. ज्यांच्या धाकानं आख्खं ऑफिस सरळ चालतं ते साहेब सासरी निघालेल्या पोरीसारखे हुंदके देत होते! भाषा मला कळत नव्हती. दोन-तीन ओळी झाल्या, आणि म्हातारीचा चांगला हात एकदम उठला नि त्यांच्या डोक्यावर टपली बसली.

मी दचकले. ते थांबले, डोकं चोळलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. त्याच जागी आले. पुन्हा टपली. म्हातारीच्या घशातून नाराजीचा बारीकसा आवाज निघाला, आणि त्या दगडी चेहऱ्यावर राग, चक्क जिवंत राग उमटला.

"शब्द चुकला त्यांचा," वहिनी मला पाणी देत हळूच म्हणाल्या.

"पाठ नाही वाटतं त्यांना?"

"नसायला काय झालं? सगळा येतो. दर रविवारी तिथंच चुकतात."

अंगणात आडे साहेबांनी तिसऱ्यांदा सुरुवात केली. ती ओळ जवळ आली तसं त्यांनी गाता गाताच आपलं डोकं बाजेच्या कडेशी थोडं आणखी पुढे सरकवलं.