सत्तेचाळीस वेळा सुखरूप

बाळांनो, एका जंगलात सात टेकड्या होत्या आणि सातही टेकड्यांवर एकाच घरचे कोल्हे राहत होते. ते सत्तेचाळीस होते. निदान मला तसं सांगण्यात आलं. मी स्वतः मोजलेले नाहीत.

वर्षातून एकदा, बोरं पिकली की, सगळे मधल्या माळावर जमत. भरपूर खात, थोडं रडत, आणि निघताना प्रत्येक जण म्हणे, आता मधेमधे भेटत राहू या. मग कुणी कुणाला भेटत नसे. पुढच्या वर्षी पुन्हा बोरं पिकत.

या घरात सर्वांत जास्त शिकलेले होते तांबूअण्णा. शिकलेल्या प्राण्याला काळजी फार. एके वर्षी माळ रिकामा झाला, बोरांच्या बिया तेवढ्या उरल्या, आणि अण्णांच्या मनात आलं, आपल्यामागे ही मंडळी एकमेकांना ओळखतील तरी का?

पाच दिवस विचार करून त्यांनी एक पद्धत बसवली. रोज सूर्य टेकडीआड गेला की लहानापासून थोरापर्यंत एकेकाने कुई करायची, "सुखरूप." बाकीच्यांनी एका सुरात म्हणायचं, "छान, छान." एखादा आवाज आला नाही तर सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. म्हणजे कुणी विसरलं जाणार नाही.

पहिले आठ दिवस सगळ्यांना भरून आलं. नवव्या दिवसापासून मंडळी "छान, छान" म्हणता म्हणता कान खाजवू लागली.

नदीपलीकडच्या टेकडीवर पिंगाआत्या एकटी राहत असे. अण्णांची ती थोरली बहीण, म्हणून शेवटची कुई तिची. एक दिवस बोरीचा काटा तिच्या पुढच्या पायात खोल रुतला. तो उपसायला तिला दात उरले नव्हते. संध्याकाळी तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "पायात काटा रुतलाय."

"छान, छान," सहाही टेकड्यांवरून आलं.

दुसऱ्या दिवशी तिने पाय सुजल्याचं सांगितलं. त्यालाही सगळ्यांनी छान म्हटलं. तिसऱ्या दिवशी ती गप्प बसली.

झालं. सगळं पुन्हा पहिल्यापासून. समोरच्या टेकडीवर अण्णांची सून कुसुंबी राहायची. तिची तीन पिल्लं भुकेने रडत होती आणि नवरा शिकारीला जायचा खोळंबला होता. दुसरी फेरी संपत आली तेव्हा तिने घसा खरखरीत करून आत्याच्या आवाजात म्हटलं, "सुखरूप." सहा टेकड्यांना हायसं वाटलं. एका दिवसापुरतंच, असं ती मनाशी म्हणाली. सासरकडची एखादी उणीव आज झाकली की ती उद्याही झाकावी लागते, हे तिला अजून ठाऊक नव्हतं.

असा एक महिना गेला. अण्णा कृतार्थ झाले.

मग झुबकूला मुलगा झाला. झुबकू अण्णांचा पुतण्या. त्याला सख्खी बहीण नव्हती, त्यामुळे बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान पिंगाआत्याचा. त्याने कुई संपताना हाक घातली, "आत्या, बाळ झालंय."

"सुखरूप," उत्तर आलं.

"बारशाला येशील ना?"

"सुखरूप." कुसुंबीला आत्याच्या आवाजात तेवढाच शब्द येत होता.

झुबकूची बायको म्हणाली, "तुमच्या माणसांना आमचं कौतुक नाही, हे मी लग्नातच ओळखलं होतं." झुबकू ताडकन उठला. अण्णांनी त्याला परोपरीने समजावलं, की घरात तंटा नको, फार तर उद्या जरा रुसक्या सुरात सुखरूप म्हण. झुबकूने ऐकलं नाही. समोर जाऊन जाब विचारतो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघाला. दोन टेकड्या उतरला, नदी पोहला आणि ऐन दुपारी आत्याच्या बिळाशी पोचला.

आत्या तोंडाशीच पडली होती. बरगड्या मोजता येत होत्या.

झुबकूने वाटेत घोकलेलं सगळं तरीही बोलून टाकलं, कारण एवढं चालून आल्यावर ते वाया घालवणं त्याच्याने होईना. आत्याने ऐकून घेतलं.

"मला काय ठाऊक रे बाळ झालं? मी संध्याकाळची कान झाकून पडते."

"मग रोज सुखरूप कोण म्हणतं?"

"कुणी का असेना. घरात एक तरी सुखरूप आहे."

तेव्हा कुठे झुबकूचं लक्ष तिच्या पायाकडे गेलं. "अगं, हे सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. तू छान म्हणालास."

झुबकूने दातांनी काटा उपसला, जखम चाटून साफ केली आणि नदीतून एक मऊसा मासा धरून आणला.

त्या संध्याकाळी शेवटची कुई दोन टेकड्यांवरून आली. एक म्हणाली, "सुखरूप." दुसरी म्हणाली, "ही कोण मेली?"

पहिल्यांदाच कुणी छान म्हटलं नाही.

सकाळी सगळे निघाले. कुणी कुसुंबीला फैलावर घ्यायला, कुणी तिची बाजू घ्यायला, आणि बरेचसे हे सांगायला की काट्याच्या दिवशी छान म्हणणाऱ्यांत आपण नव्हतोच. आत्याच्या बिळापुढे चार दिवस कडाक्याचं भांडण झालं. भांडता भांडता मंडळी जेवली, एकमेकांच्या गोचिड्या काढल्या, आणि कुणाचं पिल्लू कुठलं हे पिल्लांनाच समजेनासं झालं. कुसुंबी रडत रडत आत्याचा पाय चेपत होती. आत्याने तिला तो आवाज पुन्हा एकदा काढायला लावला आणि ऐकून म्हणाली, "इतकी खरखरीत बोलते होय मी?" शेवटच्या दिवशी तिने बाळाच्या कानात नाव सांगितलं. काटू.

अण्णा एका दगडावर वेगळे बसले होते. आत्या लंगडत त्यांच्याजवळ गेली.

"ताई, म्हणजे माझी कुई वायाच गेली," अण्णा म्हणाले.

"वाया कशी जाईल? ती नसती तर एवढं भांडायला कारण कुठून आणलं असतं?"

हे कौतुक होतं की टोमणा, ते अण्णांना कळलं नाही. मीही पुष्कळ विचार केला. मलाही कळलेलं नाही.

तात्पर्य: ज्यांना आपलं कुटुंब जोडून ठेवायचं आहे, त्यांनी नातेवाइकांची रोज खुशाली विचारू नये. वर्षातून एकदा चालत जाऊन त्यांच्याशी भांडून यावं. जाताना दात मात्र बरोबर न्यावेत.