नळाची कानटोपी

ऑक्टोबरातल्या एका सकाळी मी दार उघडलं आणि उंबऱ्यातच थबकलो. आमच्या बाहेरच्या नळाने कानटोपी घातली होती! लाल, लोकरीची, तोटीखाली बंद बांधलेली.

हा उद्योग धोटेकाकांचाच. साता समुद्रांपलीकडच्या नेपरव्हिलमधल्या आमच्या गल्लीत न विचारता दुसऱ्याच्या नळाला टोपी घालायची छाती आणखी कुणाची? काका मूळचे नागपूरचे. हाडं उन्हात पोसलेली, त्यामुळे थंडीशी उभं वैर. झाडाचं पहिलं पान पिवळं पडलं की गृहस्थ खिडक्यांच्या फटी बुजवत सुटतात. त्यांच्या घरामागचा स्विमिंग पूल हिवाळ्यासाठी बंद करणं म्हणजे तर घरचं कार्यच. पाणी हातभर उतरवायचं, पाइपातलं उरलंसुरलं कॉम्प्रेसरने फुंकून काढायचं, वर कव्हर ताणायचं. एवढं करून काका पाइपाला कान लावून बसतात.

"थेंबभर राहिलं नं, तरी गोठून पाइप फुटलाच समज! थंडी बेल वाजवून येत नाही, बावा!"

आठवड्याभरात गल्लीतल्या सगळ्या नळांना टोप्या चढल्या. एकीचा एक कान वीतभर लांब, दुसरीला कानच नाही. माझा नऊ वर्षांचा अर्णव म्हणाला, "डॅड, धिस इज सो एम्बॅरसिंग." मलाही तेच वाटत होतं. शेवटी आमची टोपी सोडली आणि परत द्यायला निघालो.

काकांच्या दारात पोचलो आणि चाटच पडलो. त्यांच्या स्वतःच्या नळांवर दुकानातली फोमची कव्हरं होती, एकदम व्यवस्थित. म्हणजे आमच्या नळांवर प्रयोग आणि यांच्या नळांना फोम! मी तणतणत बेल वाजवली.

"काका, हे काय चाललंय?"

काकांनी ओठांवर बोट ठेवलं आणि दार मागे ओढून घेतलं.

"हळू बोल. उन्हाळ्यात काकूला अर्धांगवायू झाला, माहीत आहे नं? डॉक्टर म्हणाले, बोटांना काम द्या. गल्लीतल्या पोरांसाठी विणते म्हणून रोज उठून बसते. पोरांना देऊन पाहिल्या, कोणी घालत नाही. फेकू कशा मी?"

"मग तुमच्या नळांना का नाही घातल्या?"

"ती खिडकीतच बसते रे. दिसेल नं तिला."

भेटायला जायचं मी दोनदा पुढे ढकललं होतं. मला स्वतःचीच लाज वाटली.

"अहो, कोण आलंय?" आतून काकूंनी विचारलं.

आत गेलो. काकू खिडकीशी बसल्या होत्या. उजव्या हाताची बोटं सुईला कशीबशी धरून होती. मी टोपी घाईघाईने पाठीमागे लपवली.

"अर्णवला बसली का रे टोपी? कान जरा वाकडे झाले."

काका खिडकीतून पूलच्या कव्हरकडे बघत राहिले.

"मस्त बसली, काकू," मी म्हणालो. "काढतच नाही. आणखी एक मागतोय."

काकूंचा चेहरा असा काही खुलला की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. उजव्या हाताने, एकेक बोट उलगडत, त्यांनी लोकरीचा गुंडा जवळ ओढला.

"निळी चालेल नं?"



"निळीच आवडते त्याला," काका म्हणाले.