समावेशन वरच्या मजल्यावर

अमरावतीच्या त्या संस्थेत युवा कार्यकर्त्यांसाठी 'सामाजिक समावेशनासाठी व्हिडिओ निर्मिती' अशी कार्यशाळा भरली होती, आणि ती भरली होती वरच्या मजल्यावर. लिफ्ट नव्हती. भातकुलीहून आलेली आकांक्षा आपल्या व्हीलचेअरमध्ये खाली जिन्यापाशी बसली होती आणि समावेशनावरचं भाषण तिला वरून अर्धंमुर्धं ऐकू येत होतं. मधूनच टाळ्या पडत. त्या कशाला पडल्या ते मात्र तिला कळत नसे.

तिच्या पाठीमागेच खालचा हॉल होता. नव्या फरशीचा, भरपूर पंख्यांचा आणि कुलूपबंद. त्यात संस्थेच्या सत्काराच्या शाली, स्मृतिचिन्हं आणि जुन्या कार्यक्रमांचे फ्लेक्स अगदी सुखात नांदत होते. किल्ली अध्यक्ष खुशालरावांच्या खिशात असे.

"भाऊ, वर्ग खाली घ्या ना," आकांक्षा सकाळीच त्यांना म्हणाली होती. "हॉल तं रिकामाच हाय."

"तो पाहुण्यांसाठी हाय, पोरी."

"मंग मी कोण आहो?"

"तू तं आपली घरची!" खुशालराव गोड हसले. "वरचं सारं तुले मोबाईलवर पाठवून देऊ."

घरच्या माणसाला जिन्याखाली बसवायची ही रीत आकांक्षाला नवी नव्हती, पण या वेळी तिचं डोकं सणकलं. गावात ती मुलींचा एक गट चालवत होती. आजवर तिच्यावर जेवढे व्हिडिओ निघाले, ते सगळे दुसऱ्यांनी काढलेले होते, मागे रडकी बासरी लावून. एकदा तरी आपल्या हातात कॅमेरा घ्यायचा आणि त्या बासरीचा कायमचा गळा दाबायचा, एवढ्यासाठी ती आली होती. शिकल्याशिवाय ती परत जाणार नव्हती.

दुपारी पुण्याचे प्रशिक्षक स्वानंद सर खाली आले. त्यांच्यामागे खुशालराव, आणि खुशालरावांच्या डोक्यात एक फिल्म.

"समारोपाले दाखवाची हाय," ते म्हणाले. "दिव्यांग भगिनीले आपले कार्यकर्ते उचलून वर नेऊन राहिले. मी सामोर. बस, डोळ्यात पाणी आलं पायजे."

"वर्गापर्यंत नेसान ना पण?" आकांक्षाने विचारलं.

"त्याच्यासाठीच तं हाय!"

वर्गात शिरायला तोच एक रस्ता दिसत होता, म्हणून ती तयार झाली. कॅमेरा होता अकोल्याच्या अंकुरकडे. हा अंकुर एरवी लग्नांचं शूटिंग करायचा. जेवणाची पंगत असो की रुसलेला मामा, नवरी गाडीत बसेपर्यंत कॅमेरा बंद करायचा नाही, हा त्याच्या धंद्याचा नियम. स्वानंद सर सकाळपासून 'कट' म्हणून ओरडत होते आणि अंकुर मान डोलावून पुढे शूट करत होता.

चार पोरांनी खुर्ची उचलली. जिन्याच्या मधल्या टप्प्यापर्यंत गेली, तेव्हा लक्षात आलं की खुशालरावांचा चेहराच दिसत नाही. खुर्ची खाली. दुसऱ्यांदा नेली, तर त्यांच्या खांद्यावरची शाल राहिली होती. खुर्ची परत खाली. पुढच्या वेळी त्यांनी आकांक्षाकडे वळून पाहिलं.

"पोरी, चेहरा थोडा बिचारा ठेव ना."

"मले नाई जमत."

"अवो, थोडासा! लोकाइले वाटलं पायजे ना काही."

"लोकाइले काय वाटते ते लोकं पाहून घेतीन. माहा चेहरा असाच हाय."

"भाऊ, फोकस हलला," अंकुर वरून म्हणाला. "आणखी एकदा घ्या लागते."

आकांक्षा पुन्हा खाली आली. वर्ग तिला मधल्या टप्प्यावरून दिसायचा आणि परत नाहीसा व्हायचा. पोरं घामाघूम झाली, त्यांतला उद्धव तर पायरीवर बसूनच गेला. शेवटी खुशालराव वैतागले.

"तुमच्यात जोरच नाई बे! सरका. मी धरतो."

त्यांनी एक बाजू धरली, जोरात उचलली आणि मधल्या टप्प्यावर पोचताच "आई गं!" करून तिथेच वाकले. खुर्ची पोरांनी सावरून टप्प्यावर टेकवली, पण खुशालराव काही सरळ होईनात. एक हात खुर्चीच्या दांड्यावर, एक हात कमरेवर, आणि डोकं गुडघ्याच्या दिशेने. वरही जाता येईना, खालीही उतरता येईना.

"डॉक्टरांना बोलवू या," स्वानंद सर म्हणाले.

चहा घेऊन आलेल्या केशरबाईंनी नुसतं एकदा पाहिलं. "उसण भरली. याले डॉक्टर कायले? पायाळू मानसाची लाथ बसली कमरेत, का जाते."

"पायाळू म्हणजे?" स्वानंद सरांनी विचारलं.

"जन्माले येताना ज्याचे पाय आधी आले, तो."

"पाहा ना मंग पायाळू!" खुशालराव जमिनीशी बोलले. "मी मरून राहिलो इथं!"

सगळ्या कार्यकर्त्यांनी फोन काढले आणि आपापल्या आयांना लावले. जिनाभर एकच प्रश्न घुमायला लागला, "आई, मी कसा झालो वं?" उद्धवची आई रडायलाच लागली, पोराला काहीतरी झालंय अशी तिची खात्री पटली. दुसऱ्या एकाला आधी जेवलो की नाही ते सांगावं लागलं. सगळ्यांची डोकीच आधी आली होती.

आकांक्षा शांतपणे आपली ओढणी नीट करत होती.

"मी आहो पायाळू," ती म्हणाली.

जिनाभरचे फोन कानावरून खाली आले. डाव्या पायात तिच्या जीव नव्हता. उजव्यात होता, उभं राहण्यापुरता नसला तरी दुसऱ्या कामापुरता नक्की होता.

"मार मंग, माह्या बाई!" खुशालराव कळवळले. "पाहून काय राहिली?"

"किल्ली."

"काय?"

"खालच्या हॉलची. आजपासून वर्ग खाली. अन् कॅमेरा माह्या हातात."

"अवो, पाहुणे..."

"पाहुण्याइले वर बसवा. त्याइले मोबाईलवर पाठवू सारं."

खुशालरावांनी मान वर करायचा प्रयत्न केला, कमरेतून कळ आली आणि मान जागेवर गेली. हात खिशात गेला. केशरबाईंनी किल्ली घेतली, खाली जाऊन कुलूप काढलं आणि दारं सताड उघडली. एक जुना फ्लेक्स धाडकन खाली पडला.

आकांक्षाने हात पुढे केला. अंकुरने निमूटपणे कॅमेरा तिच्या मांडीवर ठेवला, चालूच. तिने तो उचलला, खुशालरावांवर धरला.

"भाऊ, चेहरा थोडा बिचारा ठेवा."

तो आधीच ठेवलेला होता. मग तिने उजवा पाय खुर्चीच्या पायपट्टीवरून काढला, नेम धरला आणि त्यांच्या कमरेत अशी काही घातली, की खुशालराव ओरडत ताठ उभे राहिले. उसण गेली की नुसता धक्का बसला, देव जाणे. पण ते उभे होते. पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि या वेळी त्या कशाला पडल्या ते आकांक्षाला नीट कळलं.

खुशालराव कंबर चोळत खाली उतरायला लागले. आकांक्षा कॅमेऱ्याचा पडदा न्याहाळत होती.

"थांबा, भाऊ," ती म्हणाली. "फोकस हलला. आणखी एकदा घ्या लागते."