जांभळ्या फेट्याचा इसम

दादासाहेबांना दुसऱ्याचं दप्तर उघडून बघायची भारी हौस. सातबारा मोबाइलवर दिसायला लागल्यापासून निम्म्या वरकुटे गावाचं क्षेत्र त्यांना तोंडपाठ झालं होतं. मग पोटच्या पोरीला स्थळ आल्यावर ते गप्प कसे बसतील? लोणी भापकरचा रणजित योगिनीच्या मनात भरला होता, सुपारी फोडायचा दिवसही ठरला होता. तरी दादासाहेबांनी कोर्टाचं ॲप उघडलं, बारामतीचं कोर्ट निवडलं आणि एकेका वर्षाखाली मुलाचं नाव टाकून पाहिलं. दोन वर्षांमागच्या यादीत ते सापडलंच.

“महाराष्ट्र शासन विरुद्ध रणजित! पोरगा आरोपी हाय!”

“कशापायी?” योगिनीच्या आई प्रयागबाई धास्तावल्या.

“नुस्ते कलमांचे आकडे हायत. त्यावरनं काय कळतंय?”

“मग फोन करून त्यांनाच इचारा की.”

“चोराला चोरी इचारत्यात व्हय? कागद बोलला पायजे!”

पोलिसांच्या वेबसाइटवर एफआयआर मिळतो, असं त्यांना कळलं. पण चार दिवस ती साइट काही उघडेना. दादासाहेबांची झोप उडाली, योगिनीचं जेवण सुटलं. शेवटी सुपारीच्याच सकाळी इंदापुरात एका ऑनलाइन कामांच्या दुकानातून कागद हाती पडला. अक्षर बारीक आणि चष्मा घरी. ते परतले तोवर पाहुणे बैठकीत येऊन बसले होते.

“सुपारी थांबवा!” दादासाहेबांनी कागद फडकवला. “योगिनी, वाच मोठ्यानं. सगळ्यांना कळू दे.”

रणजितचे वडील संभाजीराव चपापले. रणजित हळूच म्हणाला, “मामा, ऱ्हाऊ द्या की.”

“का? भ्या वाटतंय? वाच गं!”

योगिनीने रडवेल्या आवाजात सुरुवात केली. “विनापरवाना बैलगाडा शर्यत चालू असताना छापा टाकला असता... एक अनोळखी इसम, वय अंदाजे पंचावन्न, अंगाने जाड, मिशा पांढऱ्या व आकडेबाज, डोक्यास जांभळा फेटा, हा डाव्या पायातील चप्पल जागीच टाकून उसात पळून गेला. आरोपी क्रमांक चार रणजित याने सदर इसमास कुंपणावर चढविले व तो स्वतः जागीच मिळून आला.”

सगळ्यांच्या नजरा आधी दादासाहेबांच्या मिशांकडे गेल्या, मग खुंटीवरच्या जांभळ्या फेट्याकडे.

“कुत्र्यानं चप्पल नेली म्हणालात!” दारातून प्रयागबाई कडाडल्या. “वर शर्यतीचा नाद सोडला म्हणून खंडोबाची शपथ!”

छाप्याच्या त्या धुरळ्यात मागून कुणीतरी कुंपणावर ढकललं होतं एवढंच दादासाहेबांना आठवत होतं. त्याचं तोंड बघायला ते थांबले होते कुठं?

“तू... मला वळखलं व्हतंस?”

“पहिल्यांदा घरी आलो तवाच. मिशांवरनं.”

“मग पोलिसांना सांगितलं का न्हाईस?”

“तवा नाव म्हाईत नव्हतं,” रणजित खाली बघत म्हणाला. “आता म्हाईत झालंय, पर सासऱ्याचं नाव कसं सांगायचं?”

योगिनी खुदकन हसली. दादासाहेबांना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. गेली दोन वर्षं हे पोरगं त्यांच्यापायी कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होतं.

“पुढची तारीख कवा हाय?”

“सतराला.”

दादासाहेब उठले. माळ्यावर चढून त्यांनी उजव्या पायातली एकटी चप्पल खाली काढली आणि धोतराच्या सोग्याने पुसली.

“मी येतो संगं. डावी कोर्टात जमा आसंल. जोड जुळवून दावली की झालं.”

सुपारीचं ताट मधे ठेवत प्रयागबाई म्हणाल्या, “जावा. पर तितनं तरी पळू नगा.”