दामलेकाकूंच्या घरातली बोडदी

कोलकात्यात सॉल्ट लेकला दामलेकाकूंकडे वेळ ठरवून गेलात, तरी दार जेमतेम किलकिलं होतं आणि काका माकडटोपीतून म्हणतात, "बोडदी कामात आहेत. बसा." बसायचं जिन्यात. मग बराच वेळ कोणी तुमच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

बोडदी म्हणजे इथल्या शाळांतली मुख्याध्यापिका. काकू मुख्याध्यापिका नाहीत, कधी नव्हत्याही. त्या पालकांची संस्था चालवतात. ज्यांच्या मुलांना शिकायला वेगळी मदत लागते आणि म्हणून शाळा ज्यांना दारातूनच वाटेला लावतात, असे आम्ही पालक. शाळेत भेटीला जायच्या आधी काकूंकडे रंगीत तालीम करावी लागते. त्यात त्या बोडदी आणि काका शिपाई. बँकेत मॅनेजर होतो तेव्हा लोक मला इतके घाबरत नव्हते, असं काका खुशीत सांगतात. त्यांचा चाळिशीला आलेला मुलगा मन्यादादा फारसं बोलत नाही. तो देवघरातली घंटा घेऊन बसतो, ती शाळेची घंटा. आनंद झाला की तो वाजवतो, त्यामुळे ही शाळा कधीही सुटते.

जिन्यात का बसवता, असं मी एकदा विचारलं. "अपमानाची सवय आधीच झालेली बरी," काकू म्हणाल्या. "आणि रडायचं ते इथे रडून घ्या. शाळेत जाऊन नाही."

काकू बोडदी झाल्या की भयंकर होतात. हावड्याच्या एका गृहस्थांना त्यांनी तालमीत इतकं झापलं, की त्यांनी रीतसर तक्रार केली. ती आली काकूंच्याच संस्थेकडे. काकूंनी दोन्ही बाजू ऐकल्या, स्वतःला दोषी ठरवलं आणि कडक समज दिली.

आमची ईरा सहा वर्षांची. शब्द कमी, पळापळ फार. सगळ्या शाळा हात वर करून मोकळ्या झाल्या होत्या, एकच उरली होती. तिनंही नाही म्हटलं, तर मुग्धा, म्हणजे माझी बायको, नोकरी सोडून ईराला पुण्याला नेणार आणि मी सेक्टर फाइव्हमधल्या नोकरीसाठी इथे एकटा राहणार, असं आम्ही ठरवून बसलो होतो. त्या शाळेच्या भेटीच्या आदल्या संध्याकाळी तालीम होती.

"अशा मुलांसाठी आमच्याकडे सोय नाही," काकू चष्म्यावरून म्हणाल्या. यावर "नेमकी कोणती सोय नाही, मॅडम?" असं विचारायचं, हे आम्हाला पाठ होतं. पण मुग्धाच्या तोंडून शब्दच फुटेना. तिचे डोळे भरले.

"ऊठ," काकू तिला म्हणाल्या. "आईनं कसं बोलायचं ते मी दाखवते. तुम्ही व्हा हो बोडदी."

मी त्यांच्या खुर्चीत बसलो. काकू समोर बसल्या, पदर सारखा केला.

"मॅडम, माझा मुलगा बोलत नाही, पण त्याला सगळं कळतं."

आमची तर मुलगी. काकू चुकल्या असं वाटलं, तरी मी त्यांच्याच थाटात म्हणालो, "अशा मुलांसाठी आमच्याकडे सोय नाही."

काकूंनी तोंड उघडलं. सगळ्या पालकांना पढवलेलं ते वाक्य त्यांना आठवेना. त्या टेबलाच्या कडेवरून नुसता हात फिरवत राहिल्या.

शिपायाला दार लावल्यावर बोलायची परवानगी नसते. पण काकांनी टोपी काढली आणि ते पुढे आले. "घ्या ना हो त्याला, मॅडम. शांत बसतो तो. कुणाला त्रास नाही देणार."

मन्यादादा आमच्याकडे बघत होता.

"घेतलं," मी म्हणालो. "सोमवारपासून पाठवा."

काकूंनी नाक पुसलं. मग त्यांनी विचारलं, "डबा काय द्यायचा, मॅडम?"

"त्याला आवडेल तो."

दुसऱ्या दिवशी मुग्धा शाळेत न रडता बोलली आणि त्यांनी ईराला घेतलं. मी तिथूनच काकूंना फोन केला.

"कधीपासून?"

"सोमवारपासून."

"हो का?" काकू म्हणाल्या. "मग मन्याला सोबत झाली."