बापूरावांचं ओलं बाकडं

जबलपूरच्या घमापुरात आमच्या शेजारच्या बापूरावांकडे जाऊन कोरड्या धोतरानं परत आलेला माणूस मी पाहिलेला नाही. ते स्वतःच बजावत, "बसा मास्तर, जरा ओलं आहे." जरा कसलं! बुडाखाली पाणी निथळत असे.

बापूराव इंग्रज सरकारच्या जंगल खात्यातून अंदमानात नोकरी करून आलेले. तिथली माणसं एका खोडातून अखंड होडी कोरतात, ती विद्या ते शिकले. पेन्शनीत आल्यावर त्यांनी घरातलं सगळं सामान तसंच कोरायला घेतलं. बीजा म्हणजे आपला बिबळा, त्याच्या खोडाची खुर्ची. खिळा नाही, सांधा नाही. सरकवायला शेजारी लागत. शेजारी म्हणजे मीच.

"सांधा म्हणजे भांडणाचं मूळ, बाप्पा! बेटावर असं नसते."

पण असं लाकूड वाळलं की तडकतं. बेटावर होडी पाण्यातच असते. जबलपूरच्या उन्हाळ्यात काय करणार? म्हणून बापूराव सकाळ-संध्याकाळ फर्निचरला पाणी घालत. ओला बीजा रंग सोडतो. सिव्हिल लाइन्समधला एक साहेब हौसेनं बसला आणि पांढऱ्या विजारीवर पिवळा डाग घेऊन गेला.

मी कंटाळलो होतो, पण त्यांची बायको, आमच्या काकू, माझ्याहून जास्त. नवरा बेटावर असताना सगळी उमेदीची वर्षं त्यांनी या घरात एकटीनं काढलेली. एके दिवशी त्या म्हणाल्या, "काहून हो, मला बसायला एक कोरडी जागा नाही या घरात?"

"बेटावर..."

"तर बेटावरच राहायचं होतं!" आणि काकू नागपूरला भावाकडे निघून गेल्या.

त्यानंतर बापूरावांच्या तोंडी बेट आलं नाही. पाणीही थांबलं. खुर्च्या एकेक करून तडकल्या. फक्त एक लांब बाकडं ते भिजवत राहिले.

"हेच काहून भिजवून राहिले?" मी विचारलं.

"हिच्यासाठी कोरलं होतं. ती येईपर्यंत टिकलं पाहिजे."

मग उन्हाळ्यात त्यांना लू लागली, उन्हाच्या झळेनं ते आडवे झाले. खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, "मास्तर, तेवढं पाणी..." मी कुरकुरत बादली ओतली. मला त्यांची फार दया आली आणि तितकाच वैतागही. त्याच दिवशी मी नागपूरला निरोप धाडला.

काकू आल्या. तडकलेल्या खुर्च्या पाहिल्या, अखंड बाकडं पाहिलं, आणि गाठोडं खाली ठेवून त्यावर बसल्या.

"अगं, ओलं आहे ते," बापूराव खाटेवरून क्षीण आवाजात म्हणाले.

"दिसून राहिलं मला," काकू म्हणाल्या, आणि सरकून त्यांनी शेजारी जागा केली.