‘नो टी’मधला उसासा

या रविवारची बैठक आपल्या घरी घ्यायची, असं मी परस्पर ठरवून टाकलं. एवढंच माझं कर्तृत्व. पुढचं सगळं त्यातून आपोआप घडत गेलं, आणि बायकोला आधी विचारलं असतं तर त्यातलं काहीच घडलं नसतं. (विचारायचं म्हणजे परवानगी मागायची असं नव्हे. आमच्याकडे मी विचारतो आणि ती गप्प बसते. त्या गप्प बसण्यावरून काय ते समजून घ्यायचं असतं.)

बैठक म्हणजे आमच्या मंडळाची. मंडळात आम्ही तिघं. एक दातांचे डॉक्टर. दुसरा एका ड्रायव्हिंग स्कूलचा मालक, ज्याला सगळं गाव क्लच म्हणतं. तिसरा मी, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसणारा कारकून. आम्हाला एकत्र बांधून ठेवणारी गोष्ट म्हणजे ‘डँप सीलिंग’ नावाचा एक परदेशी रॉक बँड. तुम्ही नाव ऐकलं नसेल. कुणीच ऐकलेलं नाही, आणि याचा आम्हाला फार अभिमान आहे. चार पोरं, चौघांचे केस डोळ्यांवर, आणि गाणी इतकी उदास की एक ऐकून झालं की माणसाला पाणी प्यायलासुद्धा उठावंसं वाटू नये. त्यांनी सगळे मिळून तीन अल्बम काढले. पहिला ‘कोल्ड टी’, दुसरा ‘कोल्डर टी’ आणि तिसरा ‘नो टी’. त्यानंतर ते एकमेकांशी बोलेनासे झाले.

एरवी आम्ही डॉक्टरांच्या दवाखान्यात जमायचो, वेटिंग रूममध्ये, किडलेल्या दाढेच्या मोठ्या चित्राखाली. गप्पा ठरलेल्या. ‘कोल्ड टी’ पहिल्यांदा ऐकला तेव्हा आपण कुठे होतो, हे प्रत्येकानं सांगायचं. डॉक्टर वसतिगृहाच्या गच्चीवर होते. क्लचला ताप भरला होता, आणि ताप उतरला तरी उदासी उतरली नाही, असं तो दर वेळी सांगतो. मग ‘कोल्डर टी’ पहिल्यापेक्षा जास्त खोल आहे की नुसताच जास्त लांब, यावर भांडण. आणि शेवटी सगळे हळू आवाजात ‘नो टी’वर यायचे. तिथे मात्र मी बोलायचो आणि ते दोघं ऐकायचे, कारण मंडळाचा अध्यक्ष मी होतो.

हे अध्यक्षपद मला उगाच मिळालेलं नव्हतं. ‘नो टी’ आमच्याकडे आणला तो मी. त्या काळात मूळ कॅसेट आमच्या साहेबांच्या मेव्हण्यानं बाहेरून आणली होती आणि हातापाया पडून मी ती एका दुपारपुरती मिळवली होती. मग तेव्हाची साधी पद्धत. दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवायचे, एकात कॅसेट लावायची, दुसऱ्याचं रेकॉर्डिंगचं बटण दाबायचं आणि बाकीच्यांनी चिडीचूप राहायचं. डॉक्टरांनी आणि क्लचनं पुढे आपापल्या कॅसेटी भरून घेतल्या त्या माझ्याच कॅसेटवरून. मेव्हणा मूळ कॅसेटीसकट परदेशी गेला तो गेलाच. म्हणजे आमच्यापुरता ‘नो टी’चा उगम मीच.

त्या अल्बममध्ये तीन जागा अशा आहेत की त्या आल्या की आम्ही डोळे मिटायचो. तिसरं गाणं संपता संपता दूरवर एक शिटी वाजते. डॉक्टरांच्या मते ती आगगाडी आहे आणि गायकाचं तारुण्य तिच्यात बसून निघून गेलेलं आहे. पुढे एका गाण्यात सगळं शांत असताना एकदम ठण्णकन मोठा आवाज होतो. तो ड्रमरनं वैतागून फेकून दिलेला झांजेचा पत्रा, हे क्लचचं संशोधन. आणि अगदी शेवटी, वाद्यं थांबल्यावर, एक बाई उसासा टाकते. एकच. त्या उसाशावर डॉक्टर एकदा इतका वेळ बोलत राहिले की खुर्चीतला पेशंट तोंड उघडं ठेवूनच झोपी गेला. क्लचची तर गोष्टच वेगळी. तो लग्नाशिवाय राहिला तो या उसाशापायी. मुली बघायला जायचा आणि म्हणायचा, “जरा एक उसासा टाकून दाखवता का?” मग मुलीचे काका उभे राहायचे आणि बैठक संपायची.

अलीकडे मात्र माझी खुर्ची डळमळू लागली होती. डॉक्टरांनी महागडे स्पीकर घेतले होते आणि “दर वेळी अध्यक्ष तोच का?” असं ते दाढ ठोकून बघावी तसं मधूनमधून म्हणू लागले होते. पुढच्या बैठकीत मतदान, असंही ठरलं. तुम्हाला हसू येईल, पण माझी झोप उडाली. कचेरीत लोक बोलतात आणि मी ऐकतो. घरी माझं बोलणं सुरू झालं की बायकोला गॅसवरचं काहीतरी आठवतं. मी तोंड उघडलं की समोरची माणसं गप्प होतात, अशी सगळ्या जगात एकच जागा होती, आणि तीही हातची जायची वेळ आली होती.

अशात मला कळलं की ‘नो टी’ची नवी रेकॉर्ड निघाली आहे, मूळ टेपवरून धुऊनपुसून स्वच्छ केलेली. मी गुपचूप मागवली. रेकॉर्ड प्लेअर शेजारच्या फोटोग्राफरकडून उसना आणला. दोघांना घरी बोलवायचं, न सांगता सुई टेकवायची, आणि शिटी, पत्रा, उसासा एकदा लख्ख ऐकवला की मतदानाचं नावही कुणी काढणार नाही, असा माझा हिशेब होता.

“किती जण येणार?” बायकोनं रविवारी सकाळी विचारलं.

“दोघंच. पण जेवायचं काही करू नकोस. ते उदास असतात.”

“उदास माणसं जास्त जेवतात,” ती म्हणाली, आणि कुकर घासायला घेतला.

दुपारी दोघं आले. पडदे ओढले. मी खिशातून जादूगारानं काढावी तशी (म्हणजे कपाटामागून, दोनदा डोकं आपटून) रेकॉर्ड काढली. डॉक्टरांचा चेहरा पडला. क्लचनं ती दोन्ही हातांत घेतली आणि बराच वेळ परत दिलीच नाही. मी अध्यक्षाला शोभेल अशा गंभीरपणे सुई टेकवली.

पहिली दोन गाणी काय वाजली म्हणून सांगू. तिसरं गाणं संपत आलं. डॉक्टरांनी डोळे मिटले. क्लचनं नेहमीप्रमाणे आगगाडीला निरोप द्यायला हात वर केला. गाणं संपलं आणि चौथं सुरू झालं.

क्लचचा हात वरच राहिला. “गाडी?” तो म्हणाला.

“येईल,” मी म्हटलं.

“चौथं गाणं चालू आहे. आता कुठून येईल?”

“लेट असेल.” (माणूस घाबरला की काहीही बोलतो.)

पत्राही पडला नाही. रेकॉर्ड उलटून लावली. शेवटच्या गाण्याला आम्ही तिघंही स्पीकरला कान लावून गुडघ्यांवर बसलो होतो. वाद्यं थांबली. सुई खरखरली आणि उचलली गेली. 

“ती गेली,” क्लच म्हणाला. 

“नकली माल,” डॉक्टर उठून गुडघे झटकत म्हणाले. “अध्यक्षांनी आपल्याला नकली माल ऐकवला. मतदान आत्ताच घेऊ.”

“नकली कसा? कंपनीचा शिक्का आहे,” मी म्हटलं. “हे कंपनीनंच गाळलंय. मी आत्ता जाब विचारतो.” आणि पाकिटावरचा नंबर फिरवून फोन स्पीकरवर टाकला.

पलीकडून एक मुलगी फार गोड बोलली. “बोला सर, काय अडचण आहे?”

“तुमच्या रेकॉर्डमध्ये शिटी नाही.”

“सर, रेकॉर्डला शिटी नसते.”

“आगगाडीची हो.”

“आगगाडीच्या चौकशीचा नंबर वेगळा आहे सर.”

“अहो, तिसऱ्या गाण्यानंतरची आगगाडी. आणि एका बाईंचा उसासा होता, तोही तुम्ही काढून टाकलात.”

“कुठल्या बाईंचा सर?”

क्लचनं माझ्या हातातला फोन तोंडाजवळ ओढला. “तेच तर मी आयुष्यभर शोधतोय,” तो म्हणाला.

“सर,” आता मुलगी फार सावकाश बोलत होती, “तुमच्याजवळ घरातलं कुणी मोठं माणूस आहे का?”

आणि तेवढ्यात आतून शिटी झाली.

डॉक्टरांनी एक बोट वर केलं. “हीच,” ते पुटपुटले. “तोच सूर. शेवटी जरा खाली येते बघा, तीच.” आणि पुढच्या क्षणी आम्ही तिघं स्वयंपाकघराच्या दारात एकमेकांत अडकलो होतो.

बायको ओट्याशी उभी होती. तीन माणसं एकदम अंगावर आलेली बघून तिच्या हातातलं पितळी झाकण निसटलं आणि फरशीवर ठण्णकन आदळलं.

क्लच तिथेच खाली बसला. “ड्रमर,” तो म्हणाला.

बायकोनं त्याच्याकडे बघितलं. डॉक्टरांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात फोन होता, त्यातून ती मुलगी “सर, सर” करत होती, आणि कपाळावर कपाटानं दिलेली दोन टेंगळं होती. बायकोनं मला वरपासून खालपर्यंत एकदा नीट न्याहाळलं आणि एक उसासा टाकला.

डॉक्टरांनी भिंतीचा आधार घेतला. क्लचच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. आणि माझ्या, म्हणजे अध्यक्षाच्या, डोक्यात सगळ्यात शेवटी उजेड पडला. (टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवायला दोन प्लग लागतात. आमच्या जुन्या घरात दोन प्लग एकाच ठिकाणी होते, स्वयंपाकघराच्या ओट्यावर.)

“त्या दुपारी तू आत होतीस?” मी विचारलं.

“मग कुठे असणार? लग्नाला महिनासुद्धा झाला नव्हता,” ती म्हणाली. “आवाज केलास तर बघ, असं म्हणून तुम्ही बाहेरून दार ओढून घेतलंत आणि कुणी बेल वाजवू नये म्हणून जिन्यात जाऊन बसलात. कुकर चढवलेला आहे का, हे विचारलंत? तो वाजला. गॅस बंद करायला धावले तर झाकण पडलं. मध्ये तुम्ही कॅसेट उलटायला आत आलात. मला वाटलं, आता तरी काही बोलतील. तर ओठांवर बोट ठेवून शू केलंत आणि परत गेलात. माणसानं काय करावं? शेवटी एक उसासा आला, तेवढा टाकला.”

मला मनापासून वाईट वाटलं. हा उसासा मी हेडफोन लावून, डोळे मिटून, अंगावर काटा आणून हजार वेळा ऐकला होता. घरात तो रोज टाकला जात होता, आणि तो मी एकदाही नीट ऐकला नव्हता. हे मी तिला तिथल्या तिथे सांगितलंही. तिनं पुन्हा एकदा उसासा टाकला आणि क्लचला नव्यानं रडू फुटलं.

“वहिनी,” तो डोळे पुसत म्हणाला, “तुम्हाला एखादी बहीण आहे का?”

“आहे. पण ती सुखात आहे,” बायको म्हणाली.

मतदान जेवणं झाल्यावर झालं. (दोघांनी दोनदा वाढून घेतलं.) डॉक्टर उभे राहून म्हणाले की मूळ अल्बम आता आपण ऐकलेला आहे आणि तो फिका आहे. ‘नो टी’मध्ये ऐकण्यासारखं जे काही होतं ते वहिनींनी घातलेलं आहे. अध्यक्षपदासाठी त्यांनी स्वतःचं नाव मागे घेतलं आणि बायकोचं सुचवलं. क्लचनं दोन्ही हात वर केले. मीही एक केला, कारण दोघांविरुद्ध एकटं राहून मिळणार काय होतं?

बायकोनं पद स्वीकारलं. आता बैठक दवाखान्यातच होते आणि अध्यक्षबाई बोलायला लागल्या की दोघं माना खाली घालून ऐकतात. ती जास्तकरून भाज्यांचे भाव सांगते. डॉक्टर ते लिहून घेतात. पुढे नवी रेकॉर्ड लावून तीन जागा जागच्या जागी भरायच्या असं ठरलं. दवाखान्यात कुकर गेला, झाकण गेलं. शिटी झक्क जमली, झाकणही वेळेवर पडलं. पण उसासा काही येईना. बायकोनं प्रयत्न केला तर जांभई आली. दुसऱ्यांदा खोकला आला. क्लच पार खचून गेला.

“असा नुसता येत नाही हो,” बायको म्हणाली. “समोर हे लागतात.”

त्यामुळे माझं मंडळातलं स्थान पक्कं झालं आहे. शेवटचं गाणं संपत आलं की क्लच मला आतल्या खोलीतून बोलावून आणतो आणि तिच्यासमोर उभं करतो. मला काही करावं लागत नाही. चेहरा नेहमीसारखा ठेवा, एवढंच डॉक्टरांचं सांगणं असतं. मागच्या बैठकीला मी जरा दाढी करून, नवा शर्ट घालून, भांग पाडून गेलो होतो. सगळ्यांचं म्हणणं पडलं की इतका खोल उसासा आजवर आला नव्हता.